चौथ्या मजल्यावरचा परदेश

वैमानिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक उंचापुरा, काळा चष्मा लावलेला, चाकांची बॅग ओढत झपाझप चालणारा माणूस उभा राहतो. मी कामाला स्कूटरवरून जातो. खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या दिसू नयेत म्हणून वर जुनं जाकीट चढवतो, कारण पट्ट्या दिसल्या की सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस हमखास विचारतो, "कुठल्या हॉटेलात असता?" एकदा बँकेच्या दारात एका बाईंनी नुसत्या मानेने खूण करून मला दार उघडायला लावलं होतं. मी उघडलं. उगाच शब्दाने शब्द कशाला वाढवायचा.

आमचं विमान अठ्ठेचाळीस जणांचं आणि दोन पंख्यांचं. सकाळी निघायचं, दिवसभरात चार गावांना शिवायचं आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच परत यायचं. म्हणजे आयुष्य बसच्या ड्रायव्हरचंच, फक्त रस्त्यात खड्डे दिसत नाहीत, नुसते जाणवतात. कंपनी लहान, त्यामुळे पगारही तिच्या अंगाबेताचा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक दंतवैद्य राहतात. बोलता बोलता एकदा मी त्यांना माझा पगार सांगून बसलो. त्यांनी चमचा कपात तसाच ठेवला आणि त्या दिवसापासून ते माझ्याकडून तपासणीची फी घेत नाहीत. माझ्या दातांना काही झालेलं नाही, पण दर सहा महिन्यांनी त्यांचं मन राखायला जाऊन यावं लागतं.

अशात मोठ्या कंपनीचं पत्र आलं. मोठी विमानं, लांबचे देश, पगार दुपटीहून अधिक. महिन्यातले अठरा दिवस घराबाहेर. पाच वर्षांचा करार. उत्तर तीन आठवड्यांत कळवावे.

पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला एकच गोष्ट दिसली, अण्णांची खोली. अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली आणि म्हातारपणी मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, सोफा-कम-बेडवर झोपतात. तो सोफा उघडताना लोखंडी पुलावरून मालगाडी जावी असा आवाज होतो. रोज रात्री तो आवाज ऐकला की मला वाटतं, सोन्याच्या पट्ट्या लावून हिंडतोस आणि बापाला एक दार लावता येईल अशी खोली देता येत नाही तुला. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. पण दुपटीहून अधिक पगारात तिसरी खोली नक्की बसत होती.

विमानात मी माझ्या कोपायलटला विचारलं. ती सव्वीस वर्षांची आहे आणि तिला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच येतं.

"सर, मी कालच गेले असते," ती म्हणाली. मग थोडा वेळ ढगांकडे बघून म्हणाली, "पण माझी वाट बघायला घरी फक्त मांजर आहे. आणि तीसुद्धा शेजारच्यांची."

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. वैमानिक कुठलीही गोष्ट पहिल्यांदा खऱ्या विमानात करत नाही. इंजिन बंद पडणं असो की धुक्यात उतरणं, आधी ते सिम्युलेटर नावाच्या खोट्या विमानात करून बघायचं. तिथे आदळलात तरी बाहेर येऊन चहा पिता येतो. वीस वर्षं हे केल्यावर माणसाच्या डोक्याला तशी सवयच लागते. म्हणून मी जेवताना जाहीर केलं, "ही नोकरी आपण आधी सिम्युलेटरवर करून बघू. दहा दिवस मी परदेशी आहे असं धरून चालायचं."

माझी बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नमुना तपासल्याशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही, हा तिचा स्वभावच झाला आहे. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही तिने माझा रक्तगट विचारला होता. तिला कल्पना फारच आवडली.

"पण नमुना शुद्ध हवा," ती म्हणाली. "घरी झोपायचं नाही, जेवायचं नाही, मध्येच रुमाल राहिला म्हणून यायचं नाही. घराची किल्ली इथे ठेवायची. रोज संध्याकाळी आठला एक फोन, दहा मिनिटं. आणि जिन्यात भेट झाली तर आम्ही तुला ओळखायचं नाही. तू तिकडे असशील तेव्हा जिन्यात थोडाच भेटणार आहेस?"

"आणि मी?" आमची आठ वर्षांची मुलगी म्हणाली. तिला घरात सगळे टॉवर म्हणतात. अगदी लहान असताना ती गॅलरीत उभी राहून, विमानतळावरचा टॉवर विमानांना सोडतो तसे, खालच्या गाड्यांना जा आणि थांब असे हुकूम सोडायची, तेव्हापासून तिच्या परवानगीवाचून आमच्याकडे पान हलत नाही.

"तूसुद्धा बाबाशी फोनवरच बोलायचं," बायको म्हणाली. "समोर दिसला तरी तो इथे नाहीये."

टॉवरने हे एखाद्या खात्याचा आदेश ऐकावा तसं ऐकून घेतलं. अण्णा पाणी प्यायले आणि भांडं होतं तिथेच नीट ठेवलं.

परदेश शोधायला लांब जावं लागलं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. चौथ्या मजल्यावरच्या घराचे मालक खरोखरच परदेशी असतात आणि झाडांना पाणी घालायला त्यांच्या दोन किल्ल्या आमच्याकडे, खिळ्याला टांगलेल्या असतात. त्यांनी फोनवर आनंदाने होकार दिला. अडलं ते आमच्या चेअरमनसाहेबांपाशी.

चेअरमनसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. समोरचा माणूस बोलतो त्यात किती टक्के काटा मारलेला आहे, हे ते सतत अजमावत असतात. त्यांनी माझ्यापुढे तात्पुरत्या पाहुण्यांच्या नोंदणीचा अर्ज ठेवला.

"कायमचा पत्ता," ते म्हणाले.

"हीच इमारत. दुसरा मजला."

"कुठे येणार?"

"हीच इमारत. चौथा मजला."

त्यांनी चष्मा काढला. "येण्याचं कारण?"

मी म्हणालो, "घरी नसण्याचा सराव." याहून खरं उत्तर मला सुचत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, उठून आतलं दार लोटून घेतलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "होतं असं. आमच्याकडेही एक्क्याण्णव साली झालं होतं. सहा महिने मी माळ्यावर झोपत होतो. शेवटी चूक कुणाचीही असो, आपण माफी मागून टाकायची."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं की आमचं भांडण झालेलं नाही. जितक्या वेळा सांगितलं तितकं ते भांडण मोठं होत गेलं. अर्जाला दोन फोटो, मालकाचं पत्र आणि जामीन म्हणून एका रहिवाशाची सही लागत होती. जामीन बायको राहिली. स्वतःच्या नवऱ्याला घराबाहेर ठेवायला जामीन राहणारी पहिलीच बाई, असं म्हणून साहेबांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली होती. मी बॅग घेऊन दोन जिने चढलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे माझ्या परदेशगमनाला निरोप द्यायला दर मजल्यावर एकेक दार किलकिलं होत होतं. आमच्या समोरच्या वहिनींनी तर मला जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, मी कुणाच्या मध्ये पडत नाही," त्या म्हणाल्या. त्या मध्ये पडणार असल्या की हे वाक्य आधी येतं. "पण बाईमाणसाला बोलून दाखवावं लागतं. नुसतं पगार आणून दिला म्हणजे होत नाही. आणि तुमचा पगारही तसा..." इथे त्यांनी सभ्यपणे विषय बदलला. दंतवैद्यांनी दातांचा संबंध नसताना सांगितलं की रात्री दात खाण्याची सवय अशाच ताणातून लागते, झोपताना दातांवर चढवायची एक पट्टी मिळते, ते फुकट बनवून देतील. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी नुसताच पाठीवर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. अठ्ठेचाळीस माणसं घेऊन ढगातून जाणारा मी, पण त्या सुस्काऱ्यानंतर मी कठडा धरून चढलो.

संध्याकाळी कामावरून परतलो आणि पावणेआठला जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं तोच आमच्या दाराची आतली कडी खट्कन निघाली. दार उघडलं नाही. मी क्षणभर थबकलो, मग नियम आठवून वर चढलो. चार-पाच पायऱ्या गेल्यावर कडी परत लागल्याचा आवाज आला. योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं.

चौथ्या मजल्यावर मी एका परक्या खाटेवर बसून आठ वाजायची वाट पाहिली. आठला फोन वाजला. "हॅलो बाबा," टॉवर म्हणाली, "तिकडे किती वाजलेत?" तिने आणि मी ठरवलं होतं की माझा परदेश सात तास मागे आहे. मी म्हणालो, "दुपारचा एक." ती म्हणाली, "मग तू जेवलास का?" मी खिडकीतून बाहेरचा अंधार बघत म्हणालो, "आत्ताच जेवलो." मग तिने मला शाळेतलं एक लांबलचक भांडण सांगितलं, ज्यात सगळी चूक एका रबराची होती. बोलता बोलता दहा मिनिटं संपली आणि तिने फोन ठेवला. दोन मजले खाली ती पाय आपटत नाचत आतल्या खोलीत गेली असणार, हे मला ठाऊक होतं. ते ऐकू येत नव्हतं एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिचा पुढचा दात पडला. तो तिने मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. मला तांदळाएवढा पांढरा ठिपका आणि मागे अंगठा दिसला. "मस्त आहे," मी म्हणालो. "तू नीट बघितलाच नाहीस," ती म्हणाली. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तो दात हातात घेऊन, भिंगातून पाहून तिची तारीफ केली होती. माझ्या मुलीचा पहिला पडलेला पुढचा दात माझ्याआधी दंतवैद्यांनी पाहिला, हे मला किती लागावं याला काही प्रमाण असतं. ते प्रमाण मी त्या दिवशी ओलांडलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती मला जिन्यात भेटली. दप्तर पाठीवर, एक वेणी वर, एक खाली. एरवी वेण्या मी घालतो, मला विमानाच्या वायरिंगचा अभ्यास आहे. मी आपसूक हात पुढे केला. तिने माझ्या आरपार जिन्याच्या भिंतीकडे पाहिलं आणि कठड्याला धरून उतरून गेली. तिच्या चेहऱ्यावर इतकी कर्तव्यदक्षता होती की मी तिला हाकही मारू शकलो नाही. वाईट वाटलं ते याचं की ती हे फार चांगलं करत होती.

पाचवा दिवस माझ्या सुट्टीचा, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे मी परदेशातून घरी आलेला. मी सकाळीच आंघोळ करून, जणू सासुरवाडीला चाललोय अशा थाटात दोन जिने उतरलो. बायकोने दार उघडलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या अंगात आत्ता मध्यरात्र आहे. जाऊन झोप."

"मला झोप आलेली नाही. मी चौथ्या मजल्यावरून आलोय."

"सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडतं, तेव्हा तू म्हणतोस का, खरं बंद पडलेलं नाहीये म्हणून?"

आतल्या खोलीत पडदे ओढून मी संध्याकाळपर्यंत टक्क जागा पडून राहिलो. बाहेर टॉवर दबक्या आवाजात म्हणत होती, "हळू बोला, बाबा दमून आलाय," आणि अण्णा, ज्यांना हळू बोलता येत नाही, ते बोलायचेच थांबले होते. मी उठलो तेव्हा टॉवर मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. त्या संध्याकाळी बायको एकटी भेटली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे राहिलो.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मी काल एक घर बघून आले. तू परदेशाचा सराव करतोयस, मी पगाराचा केला. तीन खोल्या आहेत. एका खोलीला एवढी मोठी खिडकी आहे. अण्णांची खाट तिथे छान बसेल." ती खिडकी दाखवायला तिने दोन्ही हात पसरले होते, ते खाली घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. तिलाही माझ्यासारखीच ती खोली दिसत होती, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग मला वाटलं, आता काय वाटेल ते होवो, ही नोकरी घ्यायचीच.

त्यानंतर मी मन घट्ट केलं. फक्त एक गोष्ट मन घट्ट होऊ देईना. रोज पावणेआठला, मी दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं की कडी खट्कन निघायची. मी वर चढायचो आणि कडी परत लागायची. आता योगायोगाचं नाव घ्यायला जागा उरली नव्हती. घड्याळाच्या टिकटिकीवरून चाक कुठे अडलंय ते सांगणारे कान आहेत अण्णांचे. तळमजल्यावर माझा बूट पडला की त्यांना कळत असणार.

आठव्या दिवशी कडी निघाली नाही.

मी दुसऱ्या मजल्यावर उभा राहिलो. एक पायरी खाली उतरलो आणि पुन्हा जोरात पाय आपटून चढलो. काही नाही. दाराच्या फटीतून आतल्या दिव्याचा उजेड येत होता. बायको त्या वारी आठपर्यंत लॅबमध्ये असते, म्हणजे आत अण्णा आणि टॉवर असायला हवेत. मी घंटा वाजवली. उत्तर नाही. अण्णांना फोन लावला, तर तो दाराच्या आत वाजत राहिला. बायकोला लावला. तो तिच्या लॉकरमध्ये असणार. माझी किल्ली नियमाप्रमाणे आत, खिळ्याला.

समोरच्या वहिनी बाहेर आल्या, मागून टॉवर. "अण्णा दुपारी हिला माझ्याकडे सोडून गेले," वहिनी म्हणाल्या. "जरा जाऊन येतो म्हणाले. आले असतील की परत, दिवा लागलाय."

संकटात वैमानिकाने आवाज शांत ठेवायचा असतो. मी अगदी घोषणा करतात त्या सुरात म्हणालो, "सर्वांनी कृपया शांत राहावे." शांत नसलेला तिथे मी एकटाच होतो. तेवढ्यात चेअरमनसाहेब आले आणि दंतवैद्य आपली हत्यारं घेऊन आले. त्यांनी कुलपात एक बारीक आकडा घातला, आरसा घातला, कपाळावर दिवा लावला आणि पाच मिनिटांनी गंभीरपणे म्हणाले, "मूळ फार खोल आहे."

"दार तोडू," मी म्हणालो.

"दाराची बाहेरची बाजू सामायिक मालमत्तेत मोडते," साहेब म्हणाले. "लेखी अर्ज लागेल." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, चष्मा खिशात टाकला आणि स्वतःचा खांदा दाराला लावला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं आहे. तिघांनी मिळून एक, दोन, तीन केलं. तिसऱ्या धक्क्याला कुलूप, वरची कडी आणि चौकटीचा हातभर तुकडा आत जाऊन पडला, आणि त्यावर आम्ही.

आत कुणी नव्हतं. दिवा दुपारपासून तसाच राहिलेला. सोफा घडी केलेला. टीव्हीवर अण्णांचा फोन. चपला जागेवर नाहीत. मी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, उगाच कपाटसुद्धा उघडून पाहिलं. टॉवर दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

आठ वाजले आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

मी घाईने कानाला लावला. "हॅलो बाबा," माझ्यापासून तीन पावलांवर वहिनींचा फोन धरून उभी असलेली टॉवर म्हणाली, "तिकडे किती वाजलेत?"

"एक," मी म्हणालो. तोंडाला सवय झाली होती.

"बाबा, आजोबा वर आहेत. तुझ्या परदेशात."

"अगं, मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"मघाशी तू इथे नव्हतास ना," ती म्हणाली.

मी दोन जिने कसे चढलो ते आठवत नाही. चेअरमनसाहेब मागून म्हणत होते की दुपारी पेटीत एक अर्ज आला होता खरा, पाहुण्याकडे आलेल्या पाहुण्याचा, कारण खोली बघणे, पण त्यांनी वाचला नव्हता, नुसती सही केली होती.

चौथ्या मजल्यावर आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी ते ढकललं. अण्णा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर स्टुलावर खिळ्यावरची दुसरी किल्ली आणि त्यांचं टेबलावरचं घड्याळ. दोन जिने चढून आलेले ते गुडघे ते अजून चोळत होते.

"आलास?" ते म्हणाले. "ऐकू आलं नाही मला."

मी दाराला धरून उभा राहिलो. "अण्णा, इथे काय करताय?"

"खोली तपासतोय. तू तुझी नोकरी तपासतोयस, सूनबाई घर बघून आली. खोली माझी, मग ती कोण तपासणार? म्हटलं, एक दुपार दार लावून बसावं. वेळ कसा गेला कळलं नाही."

"मग?"

"उत्तम आहे. वारा येतो. उजेड आहे. कुणाच्या पायात येत नाही मी." त्यांनी घड्याळ जरा सरळ केलं. "फक्त दार लावलं की जिना ऐकू येत नाही."

"मला वाटायचं, बाहेरच्या खोलीत तुमची झोप होत नाही."

"होत नाहीच. तो सोफा म्हणजे वैरी आहे. पण मी कधी तक्रार केली? तिथून जिना ऐकू येतो. तू तळाला आलास की मी उठतो, वर येईपर्यंत कडी काढतो. दिवसभर तू वर असतोस रे. वर म्हणजे, वर." त्यांनी बोट छताकडे केलं. "तू आलास की माझा दिवस मिटतो. एक सुट्टी सोडली तर गेले सात दिवस तू दारावरून निघून जातोस. नियम आहे, मला कळतं. पण हात जातोच कडीवर."

मी दार लोटून त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. खाली दाराशी माणसांचा गलबला चालला असणार, पण त्या खोलीत खरंच काही ऐकू येत नव्हतं.

"जायचं तर जा," अण्णा म्हणाले. "चांगली नोकरी आहे. तुझं शिक्षण आहे, हौस आहे, मोठं विमान चालवावंसं वाटत असेल तर मी अडवणार नाही. फक्त माझ्या खोलीसाठी म्हणून जाऊ नकोस. ते माझ्या अंगावर घालू नकोस."

मी विचार केला, मोठं विमान चालवावंसं वाटतं का? थोडं वाटतं. खोटं कशाला बोला. पण महिन्यातून अठरा संध्याकाळी ती कडी निघेल आणि बाहेर कुणीच नसेल, हे मला सोसणारं नव्हतं. वेण्यांचंही काहीतरी बघायला हवं होतं. मी अण्णांना हाताला धरून हळूहळू खाली आणलं. दर पायरीला ते म्हणत होते, "सोड, मला येतं," आणि हात सोडत नव्हते.

बायको तोवर आली होती. मोडलेल्या चौकटीत, पर्स खांद्याला तशीच लावून उभी होती. सगळी हकीकत तिने वहिनींकडून, साहेबांकडून आणि टॉवरकडून अशी तीनदा ऐकली. मग खाली पडलेली कडी उचलून हातात फिरवली.

"दोन दिवस बाकी होते," ती म्हणाली. "नमुना खराब केलास तू."

"पुन्हा घेऊ या का?"

"नको. रिपोर्ट कळला मला." तिने कडी पर्समध्ये टाकली. "ती खिडकी मात्र छान होती रे." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खिडकीचं वाईट मला अजूनही वाटतं, आणि ते वाटत राहणार.

मोठ्या कंपनीला मी चार ओळींचं नम्र पत्र लिहिलं. ते पाठवल्याचं कळताच दंतवैद्य म्हणाले की मी घोडचूक केली, आणि माझी पुढची तपासणी त्यांनी दोन महिने अलीकडे घेतली. कोपायलटने विमानतळावर माझा हात हातात घेऊन जोरात हलवला, का ते तिलाही सांगता आलं नाही. चेअरमनसाहेबांनी माझ्यापुढे आणखी एक अर्ज ठेवला, तात्पुरता पाहुणा गेल्याच्या नोंदीचा. त्यात जाण्याचं कारण असा रकाना होता. मी लिहिलं, घरी जाणे. साहेबांनी या वेळी मात्र तो नीट वाचला आणि काही न विचारता शिक्का मारला.

दार मोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुतार येतो म्हणाला होता, म्हणजे अर्थातच आला नाही. त्या दिवशी मी संध्याकाळी पावणेआठला जिना चढलो. तळमजला, पहिला मजला. दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि सवयीने कान दिला. कडी वाजली नाही, कारण दाराला कडीच नव्हती. त्याऐवजी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. दार वाऱ्याने उघडू नये म्हणून अण्णा दुपारपासून त्याला पाठ लावून खुर्चीवर बसले होते.

त्यांच्या काखेखालून टॉवरने डोकं बाहेर काढलं. पुढच्या दाताच्या जागी भोक होतं. माचिसच्या पेटीत कापसावर ठेवलेला दात तिने माझ्या नाकासमोर धरला, पण मी हात पुढे करताच पेटी मागे घेऊन आधी विचारलं,

"बाबा, किती वाजलेत?"

"पावणेआठ."

"इथले?"

"इथलेच," मी म्हणालो, आणि तिने पेटी माझ्या हातात दिली.